शर्यत बदलणाऱ्यांविषयी

मराठीत खेळाडू खेळ ‘सोडतो’, खेळातून ‘निवृत्त होतो’, फार झाले तर ‘संन्यास घेतो’. जिंकत असलेली एक शर्यत बाजूला ठेवून दुसऱ्या शर्यतीच्या आरंभरेषेवर नवशिक्यासारखे जाऊन उभे राहणे, ह्या कृतीला मात्र आमच्या भाषेत रूढ असा शब्द नाही. शब्द नसला म्हणजे वस्तू नसते असे थोडेच आहे. त्या वस्तूकडे कुणी नीट पाहिलेले नाही, एवढाच त्याचा अर्थ पुष्कळदा असतो. ही कृती महाराष्ट्रात घडलेली आहे, ती ऑलिंपिकच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचलेली आहे आणि ती करणाऱ्यांवर मराठीत भरपूर लिहूनही झालेले आहे. तरी त्या लिखाणात नेमकी ती कृतीच हरवलेली असते, असे आमचे निरीक्षण आहे. प्रस्तुत टिपण त्या हरवण्याविषयी आहे.

साहित्याचा विचार करणाऱ्यांनी ह्या विषयात का शिरावे, असे कुणी विचारील. त्याला आमचे उत्तर असे की माणसाने केलेल्या गोष्टीचे कथन कसे करावे, तिचे कर्तेपण कुणाकडे द्यावे, परिस्थितीला किती आणि व्यक्तीला किती, हा मुळात साहित्याचाच प्रश्न आहे. क्रीडापानावर त्याचे उत्तर घाईत दिले जाते, एवढाच फरक.

रिओ येथील २०१६ च्या ऑलिंपिकमधील दोन दिवस येथे शेजारी ठेवून पाहू. १५ ऑगस्टला महिलांच्या तीन हजार मीटर स्टीपलचेसची, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीची, अंतिम फेरी झाली. तीत सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबर दहाव्या आल्या. २० ऑगस्टला महिलांची ट्रायथलॉन झाली. दीड किलोमीटर पोहणे, चाळीस किलोमीटर सायकल आणि शेवटी दहा किलोमीटर धावणे असा हा एकामागोमाग करावयाचा खेळ. तो अमेरिकेच्या ग्वेन जॉर्गेनसन यांनी जिंकला. एकीला सुवर्णपदक, दुसरीला दहावा क्रमांक. ह्या दोघींना एका परिच्छेदात आणण्याचे कारण पदकांच्या तक्त्यात सापडणार नाही. ते असे, की दोघींनीही आपण जिंकत असलेली शर्यत बदलली. बाबर यांनी ती रिओच्या आधी बदलली होती, जॉर्गेनसन यांनी रिओच्या नंतर बदलली.

जॉर्गेनसन यांची कथा इंग्रजीत पुष्कळ सांगितली गेली आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठात त्या पोहत आणि धावत असत. पुढे त्या लेखापाल झाल्या, आणि नोकरीत असतानाच अमेरिकेच्या ट्रायथलॉन संघटनेने त्यांना ह्या खेळात आणले. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सायकलचे चाक पंक्चर होऊन त्या अडतिसाव्या आल्या. २०१४ आणि २०१५ साली त्या जगज्जेत्या होत्या. रिओनंतर २०१७ मध्ये मुलाचा जन्म झाला आणि त्याच वर्षी त्यांनी जाहीर केले की आता आपण ट्रायथलॉन सोडून मॅरेथॉन धावणार, आणि लक्ष्य टोकिओचे सुवर्णपदक. व्यावसायिक धावपटूंच्या एका नामांकित चमूत त्या दाखल झाल्या. २०१८ च्या शिकागो मॅरेथॉनमध्ये त्यांनी दोन तास ३६ मिनिटांच्या आसपास वेळ दिली. जगातील आघाडीच्या मॅरेथॉनपटू ह्या वेळेच्या कितीतरी मिनिटे पुढे असतात. २०१९ मध्ये टाचेवर शस्त्रक्रिया झाली. मग मॅरेथॉनऐवजी पाच हजार मीटरकडे मोर्चा वळवला, पण टोकिओच्या अमेरिकन चमूत त्यांना स्थान मिळाले नाही. २०२२ च्या अखेरीस त्यांनी ट्रायथलॉनकडे परतत असल्याचे सांगितले. पॅरिसच्या ऑलिंपिकलाही त्यांची निवड झाली नाही.

निकालाच्या हिशेबाने हा पराभवच म्हणावा लागेल. परंतु ह्या सबंध प्रकरणात एक गोष्ट कुणी नाकारली नाही: निर्णय त्यांचा होता. त्यांचे कौतुक करणाऱ्यांनी त्याला धाडस म्हटले, शंका घेणाऱ्यांनी अविचार म्हटले. पण दोन्ही पक्षांनी त्यांना विचार करणारी व्यक्ती म्हणून गृहीत धरले. दहा किलोमीटर धावण्यात सर्वांना मागे टाकणाऱ्या ट्रायथलीटला बेचाळीस किलोमीटर का झेपू नयेत, तीन खेळांत विभागलेला सराव एकाच खेळात ओतला तर पाय ते सोसतील काय, पोहण्याने आणि सायकलने कमावलेली ताकद डांबरी रस्त्यावर उपयोगी पडते की ओझे होते, अशा प्रश्नांवर गंभीर चर्चा झाली. एका धावणाऱ्या बाईच्या डोक्यात काय चालले असेल, ह्याविषयी लोकांना कुतूहल होते.

आता बाबर यांच्याकडे येऊ. त्यांनी २०१२, २०१३ आणि २०१४ अशी सलग तीन वर्षे मुंबई मॅरेथॉन भारतीय महिलांच्या गटात जिंकली. देशातल्या सर्वांत गाजणाऱ्या शर्यतीत लागोपाठ तीनदा पहिले येणे म्हणजे नाव, बक्षीस आणि स्थैर्य. सामान्यतः माणूस येथे थांबतो, चौथ्या विजयाची तयारी करतो. बाबर यांनी २०१४ साली स्टीपलचेस निवडली. त्याच वर्षी इंचॉन येथील आशियाई क्रीडास्पर्धेत त्यांनी ९ मिनिटे ३५.३७ सेकंदांत कांस्यपदक मिळवले आणि राष्ट्रीय विक्रम केला. २०१५ च्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत सुवर्ण, त्याच वर्षी बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत अंतिम फेरी गाठून आठवा क्रमांक. रिओच्या प्राथमिक फेरीत ९ मिनिटे १९.७६ सेकंद असा नवा राष्ट्रीय विक्रम. १९८४ साली पी. टी. उषा चारशे मीटर अडथळ्यांच्या अंतिम फेरीत धावल्या होत्या. त्यानंतर बत्तीस वर्षांनी ऑलिंपिकमधील धावण्याच्या वैयक्तिक मैदानी शर्यतीत अंतिम फेरी गाठणाऱ्या ह्या पहिल्या भारतीय महिला.

ह्या बदलाचा अर्थ समजून घ्यावयाचा तर दोन शर्यतींची ओळख हवी. मॅरेथॉन ही संयमाची शर्यत. पहिली तीस किलोमीटर स्वतःला आवरून धरायचे असते. स्टीपलचेसमध्ये तीन हजार मीटरच्या अवधीत अठ्ठावीस आडवे ओंडके आणि सात पाण्याचे खड्डे, मिळून पस्तीस वेळा जमीन सोडावी लागते. हे ओंडके साध्या हर्डलसारखे धक्का लागला की पडत नाहीत. ते जड आणि घट्ट असतात, पडतो तो धावणारा. महिलांसाठी त्यांची उंची अडीच फूट. प्रत्येक उडी घेताना लय मोडते आणि उतरल्यावर ती पुन्हा जुळवावी लागते. वेगाचा फरक तर आणखी बोलका आहे. बाबर यांनी २०१५ च्या जानेवारीत मुंबईची मॅरेथॉन २ तास ३८ मिनिटे २१ सेकंदांत पूर्ण केली, म्हणजे दर किलोमीटरला सुमारे पावणेचार मिनिटे. रिओतल्या विक्रमात हाच हिशेब किलोमीटरला तीन मिनिटे सात सेकंदांच्या आत येतो, आणि तोही पस्तीस उड्या धरून. एका शरीराकडून ह्या दोन गोष्टी मागणे म्हणजे त्याला दोन वेगळ्या भाषा बोलायला लावण्यासारखे आहे.

वर दिलेली मुंबईची वेळ पुन्हा पाहावी. ती २०१५ ची आहे. म्हणजे आशियाई स्पर्धेतले स्टीपलचेसचे पदक मिळाल्यानंतरची. त्या शर्यतीत भारतीय महिलांच्या गटात ओ. पी. जैशा पहिल्या आल्या आणि बाबर दुसऱ्या. तरीही बाबर यांची वेळ जागतिक स्पर्धेच्या मॅरेथॉनसाठी पात्र ठरण्याइतकी चांगली होती. तात्पर्य, जुनी शर्यत त्यांच्याकडून सुटली म्हणून नवी धरली, असे झालेले नाही. दोन्ही दारे उघडी असताना बीजिंगला त्या अंतिम फेरीत उतरल्या त्या स्टीपलचेसच्या. महिलांची स्टीपलचेस ऑलिंपिकमध्ये आली ती २००८ साली. तिच्यातील स्पर्धा मॅरेथॉनइतकी मुरलेली नव्हती. २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत सुधा सिंह यांनी ह्याच शर्यतीत सुवर्णपदक मिळवून भारतीय धावपटूला येथे वाव आहे हे दाखवून दिले होते. सहनशक्तीचा साठा असलेल्या, पण वेगाने धावू शकणाऱ्या स्त्रीला आपले स्थान कोठे आहे ते ओळखता यावे, अशी ही परिस्थिती होती. ती ओळखणे ही बुद्धीची कृती आहे. प्रशिक्षक निकोलाय स्नेसारेव्ह ह्यांचा वाटा तीत अर्थातच होता. पण प्रशिक्षक सुचवू शकतो, ओंडक्यावरून उडी त्याला मारता येत नाही.

मराठीत आम्ही ह्याचे कथन कसे केले? मोही हे दुष्काळी गाव, माण हा दुष्काळी तालुका, घरची बेताची शेती, पायपीट, आणि मग थेट रिओ. पाण्याला पारखी झालेल्या मुलुखातली मुलगी पाण्याच्या खड्ड्यावरून उडी घेते, ही प्रतिमा इतकी आयती आहे की तिचा मोह कुणालाही पडावा. परंतु ह्या प्रतिमेत निर्णय कोठे आहे? दुष्काळातून धावणे निघते आणि धावण्यातून पदक निघते, जणू विहिरीतून मोट निघावी. मधली ती २०१४ ची घटना, जिंकत असलेली मॅरेथॉन बाजूला ठेवण्याची, हिला ह्या कथनात जागाच उरत नाही. कारण ती दुष्काळाने समजावून सांगता येत नाही. दुष्काळाला मॅरेथॉन आणि स्टीपलचेस यांतला फरक कळत नाही.

दुष्काळाने धावपटू घडत असते तर आमच्या ह्या पट्ट्यात त्यांचा सुकाळ असता. माण, आष्टी, करमाळा, सांगोला, जत ह्या तालुक्यांची नावे पर्जन्यछायेच्या नकाशावर शेजारीशेजारी येतात. आम्ही हे टिपण सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरहून लिहीत आहोत. पुणे-सोलापूर लोहमार्गावरचे हे स्थानक, तालुका करमाळा. उजनीच्या फुगवट्याचे पाणी जवळ आहे, त्या बाजूला ऊस आणि केळीच्या बागा आहेत. दुसरीकडे पाहिले तर ज्वारीची कोरडवाहू राने. शाळेसाठी मैलोगणती चालणारी मुले येथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांतली जवळजवळ कुणीच ऑलिंपिकला गेली नाहीत. पायपिटीने पाय मजबूत होतात हे खरे. पण आपल्या पायांनी कोणती शर्यत धरावी हे पायपीट सांगत नाही.

ह्याच कोरडवाहू मुलुखातल्या बीड जिल्ह्यातील, आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचे अविनाश साबळे हे दुसरे उदाहरण. त्यांच्याविषयीही प्रथम सांगितले जाते ते शाळेच्या सहा किलोमीटरांविषयी. बारावीनंतर ते सैन्यात गेले, महार रेजिमेंटमध्ये, सियाचीनला राहिले. २०१५ च्या सुमारास ते क्रॉसकंट्री, म्हणजे रानावनातली लांब पल्ल्याची शर्यत, धावू लागले आणि मग सैन्यातील प्रशिक्षक अमरीश कुमार यांच्या सांगण्यावरून स्टीपलचेसकडे वळले. २०१८ साली भुवनेश्वरला त्यांनी ८ मिनिटे २९.८० सेकंदांची वेळ देऊन गोपाळ सैनी यांचा १९८१ पासूनचा विक्रम मोडला. पुढे हा विक्रम त्यांनी स्वतःच पुनःपुन्हा मोडला. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत केनियाच्या अब्राहम किबिवोट यांच्या मागे अवघ्या ०.०५ सेकंदाने त्यांना रौप्य मिळाले. १९९८ पासून ह्या शर्यतीची तिन्ही पदके दर वेळी केनियाकडेच जात होती. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत स्टीपलचेसचे सुवर्ण आणि पाच हजार मीटरचे रौप्य. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी आणि अकरावा क्रमांक.

ही यादी बहुतेकांना ठाऊक असते. कमी बोलले जाते ते असे, की ह्याच गृहस्थांनी २०२० साली दिल्लीत अर्धमॅरेथॉन एक तास तीस सेकंदांत धावून राष्ट्रीय विक्रम केला, आणि २०२२ साली पाच हजार मीटरचा बहादूर प्रसाद यांचा तीस वर्षे टिकलेला विक्रम मोडला. मधल्या काळात त्यांनी प्रशिक्षक बदलले, स्नेसारेव्ह यांच्याकडे गेले, ती पद्धत मानवली नाही म्हणून पुन्हा अमरीश कुमार यांच्याकडे आले. पुढे अमेरिकेत जाऊन उंचावरच्या प्रदेशात सराव केला. तीन हजार मीटरचा धावपटू एकवीस किलोमीटरमध्ये आणि पाच हजारात कशासाठी उतरतो? शेवटच्या फेरीसाठी दम हवा म्हणून, की आपली खरी शर्यत आणखी लांबची आहे काय हे चाचपून पाहण्यासाठी? साबळे ह्यांचे एक सबंध चरित्र ह्या प्रश्नाभोवती लिहिता येईल. शाळेच्या वाटेभोवती लिहिलेले चरित्र पहिल्या प्रकरणातच संपते.

आता आमच्या घरच्या विषयाकडे वळू. एखादा लेखक विधा बदलतो तेव्हा आम्ही काय करतो? पु. शि. रेगे हे कवी. १९६२ साली त्यांची ‘सावित्री’ आली. कवितेत जे साधले नसते असे काय पत्ररूप कादंबरीने त्यांना दिले, ह्याचा विचार आमच्या वर्गांतून आजही होतो. मर्ढेकरांनी कविता लिहिता लिहिता कादंबऱ्या का लिहिल्या, कोलटकर मराठी आणि इंग्रजी ह्या दोन भाषांत एकाच वेळी कसे वावरले, ह्यांवर प्रबंध लिहिले जातात. रेग्यांच्या घरची परिस्थिती सांगून ‘सावित्री’चा उलगडा झाला, असे कुणी विद्यार्थ्याने लिहिले तर परीक्षक त्याला थांबवतील. विधांतर हा लेखकाचा शोध आहे, त्याला कारणे असतात आणि ती विधेच्या स्वरूपात शोधावी लागतात, हे आम्ही मान्य केलेले आहे. मग धावणाऱ्याच्या बाबतीत तेच मान्य करायला अडचण कोणती?

अडचण कोणती ते नागराज मंजुळे ह्यांच्या उदाहरणावरून दिसेल. ते ह्याच जेऊरचे. आधी कवी, मग चित्रपट दिग्दर्शक. म्हणजे विधांतर करणारेच. त्यांच्या ‘फँड्री’त (२०१३) शेवटी डुकरामागे धावणारे एक कुटुंब आहे आणि त्यांना पाहून हसणारे गाव आहे. धावता धावता शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते आणि ते कुटुंब जागच्या जागी उभे राहते. ह्या प्रसंगात धावणे म्हणजे लाचारी, आणि ती कुणाच्या वाट्याला येते, हे दिग्दर्शक दाखवतो. परंतु त्याच प्रसंगात कॅमेरा कोठे ठेवायचा, केव्हा थांबायचे, शेवटचा दगड कुणाच्या दिशेने यावा, हे त्याने ठरवलेले असते. मंजुळ्यांविषयी बोलताना आम्ही बरेचदा पहिल्या धावण्याविषयीच बोलतो, त्यांच्या भोगलेल्या आयुष्याविषयी. दुसऱ्या गोष्टीविषयी, म्हणजे कवितेकडून चित्राकडे का यावे लागले ह्याविषयी, कमी बोलतो. खेड्यातून आणि खालच्या मानलेल्या थरातून आलेल्या माणसाचे अनुभव आम्हांला हवे असतात. त्याची कारागिरी आम्ही गृहीत धरतो किंवा योगायोगावर सोडतो. अनुभव त्याचा आणि विचार आमचा, अशी ही वाटणी आहे. खेळाडूंच्या बाबतीत ती अधिकच उघड होते, कारण शरीर हे बुद्धीच्या विरुद्ध टोकाला असते हा आमचा जुना समज तिला येऊन मिळतो.

आमच्या ह्या म्हणण्यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. निर्णयाचे एवढे कौतुक केले की परिस्थिती झाकली जाते, असे कुणी म्हणेल. ज्यांच्यापुढे निवडच नव्हती त्यांच्यावर निवडीची भाषा लादणे हा सुखवस्तूंचा खेळ आहे, असेही म्हणता येईल. ह्या आक्षेपात तथ्य आहे आणि त्याला उत्तर द्यायचे तर दोघींच्या शर्यतींमागची अर्थव्यवस्था पाहावी लागेल. जॉर्गेनसन यांच्यामागे सुवर्णपदक होते, पुरस्कर्ते होते, आणि जमले नाही तर परतण्याची वाट होती. पाच वर्षांनी त्या खरोखरच परतल्या. आमच्याकडे व्यावसायिक धावपटू म्हणजे बहुधा पगारी धावपटू: रेल्वेचा, सैन्याचा, पोलिसांचा. बाबर रेल्वेच्या नोकरीत होत्या. पुढे राज्य शासनाने त्यांना उपजिल्हाधिकारीपद दिले. साबळे सैनिक. त्याही आधीचे खाशाबा जाधव आठवावेत. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्लायवेट गटात ते सहावे आले, आणि चार वर्षांनी हेलसिंकीला वरच्या बँटमवेट गटात उतरून कांस्यपदक घेऊन आले; वजनगट बदलणे आणि लाल मातीतून गादीवर येणे हाही शर्यत बदलण्याचाच प्रकार. त्यांनाही पोट भरण्यासाठी पोलीस खात्यात जावे लागले. आमच्या खेळाडूच्या प्रत्येक निर्णयाच्या मागे नोकरीचा प्रश्न उभा असतो आणि एक हंगाम फुकट गेला तर तो हंगाम कोण पोसणार, ह्याचे उत्तर त्याला आधी शोधावे लागते.

पण ह्यातून निघणारा निष्कर्ष आक्षेपकाच्या विरुद्ध आहे. दारिद्र्य माणसाला धावायला लावत नाही. ते त्याच्यापुढच्या शर्यतींची संख्या कमी करते. ज्याच्यापुढे दहा वाटा आहेत त्याने एक निवडली तर त्यात फारसे नवल नाही. जिच्यापुढे दीडच वाट आहे, आणि त्यातली अर्धी चुकली तर परत येण्याची सोय नाही, तिने घेतलेला निर्णय अधिक बारकाईने पाहावा लागतो. तीनदा जिंकलेली मॅरेथॉन ठेवून देणे हे जॉर्गेनसन यांच्या पावलापेक्षा लहान ठरत नाही; पाठीशी काय होते आणि काय नव्हते हे ध्यानात घेता ते मोठे ठरते. परिस्थितीचे वर्णन हवेच आहे. ते निर्णयाची किंमत कळावी म्हणून हवे. निर्णयाच्या जागी बसवण्यासाठी नको.

हा प्रश्न केवळ दोन-चार नामवंतांचा असता तर आम्ही त्यासाठी एवढी शाई खर्च केली नसती. जेऊरसारख्या गावांच्या रस्त्यांवर पहाटे मुले आणि मुली धावताना दिसतात. त्यांतली बहुतेक पोलीस भरतीची तयारी करीत असतात. सध्याच्या भरतीत मुलांना सोळाशे मीटर आणि मुलींना आठशे मीटर धावावे लागते. त्याखेरीज शंभर मीटर आणि गोळाफेक. ह्या अंतरांना गुण आहेत, गुणांना नोकरी आहे, म्हणून ही अंतरे धावली जातात. तक्रार करण्यासारखे त्यात काही नाही. नोकरी ही ह्या भागातली सर्वांत निकडीची गोष्ट आहे. पण त्यामुळे एक अंतर सोडून दुसरे धरण्याचा विचार कुणाच्या मनात यावा, अशी सोय राहत नाही. एखादी मुलगी आठशे मीटरमध्ये मागे पडते आणि तिला वाटते आपल्याला धावता येत नाही. ती कदाचित पाच हजारांची असेल. तिला हे सांगणारा प्रशिक्षक गावात नाही, धावपट्टी नाही, आणि तिच्या हाती पडणाऱ्या मजकुरात तर बाबर यांनी मॅरेथॉन का ठेवून दिली हे कुठेच लिहिलेले नाही. तिच्यासारख्याच मुलखातल्या एका बाईने आपल्या शरीराचा अभ्यास केला, शर्यतींचा अभ्यास केला आणि जागा बदलली, ही माहिती तिच्या खरोखर उपयोगाची आहे. तिच्यापर्यंत पोहोचते ती दुष्काळाची कथा. दुष्काळ तिला आधीच ठाऊक आहे.

म्हणून आमच्या शिक्षक आणि विद्यार्थी मित्रांकडे एक साधे मागणे आहे. खेड्यातून आलेल्या खेळाडूवर लिहिताना, किंवा कुणी लिहिलेले वर्गात वाचताना, काही प्रश्न आवर्जून विचारावेत. ती कोणती शर्यत धावत होती? तिने कोणती धरली आणि कोणती सोडली? त्या दोन शर्यतींत शरीराला काय वेगळे करावे लागते? सोडलेल्या शर्यतीत तिची वेळ काय होती? सल्ला कुणाचा होता, पगार कोण देत होते, आणि जमले नसते तर तिचे काय झाले असते? हे प्रश्न रुक्ष वाटतील. पण ज्या कादंबरीतल्या माणसाविषयी हे प्रश्न विचारता येत नाहीत, ती कादंबरी आम्ही कच्ची समजतो. जिवंत माणसावर लिहिताना त्याहून कमी मागण्याचे कारण नाही.

बाबर यांचा ९ मिनिटे १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम २०२३ साली बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत पारुल चौधरी यांनी मोडला; वेळ ९ मिनिटे १५.३१ सेकंद. विक्रम मोडण्यासाठीच असतात आणि मोडल्यावर ते तक्त्यात एक ओळ खाली सरकतात. २०१४ साली मोहीच्या एका मॅरेथॉन विजेतीने केलेला विचार मात्र अजून कुठल्याच तक्त्यात गेलेला नाही. तो लिहून ठेवण्याचे काम बाकी आहे, आणि ते धावपटूंचे नाही, आमचे आहे.